बिलात नसलेली ओळ

मशीन बंद पडायचं ते नेमकं रंगात आल्यावर.

भाचा सांगायचा, व्हॅलोरंट गेम तासभर चालतो, यूट्यूब चालतं, कॉलेजचं कोडिंग चालतं. पण जीटीए लावला की दहाव्या-बाराव्या मिनिटाला काळोख. निळा पडदा नाही, चूक दाखवणारी सूचना नाही. कुणी मागून प्लग उपसावा तसं. दोन सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू, आणि काचेआडचे चार पंखे पुन्हा रंग उधळायला मोकळे.

हे मशीन घेताना मी बरोबर होतो. बरोबर म्हणजे, घासाघीस मीच केली होती. घरात भाव करणारा माणूस म्हणून माझा लौकिक आहे. जळगावच्या सराफ बाजारात घडणावळ कमी करून आणणारा मी, संगणकाच्या दुकानात काय हरणार? दुकानदारानं पहिलं कोटेशन दिलं 74,500 चं. मी मान हलवली, उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो, त्याचाच चहा प्यायलो. 71,500 वर सौदा पटला. बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तीन हजार! मानलं तुम्हाला." रात्री बहिणीकडे जेवताना तो आकडा मी दोनदा सांगितला. दाजी उशिरा आले, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा.

भाच्याच्या अटी दोनच होत्या. ग्राफिक कार्ड आरटीएक्स 3060 च हवं आणि कॅबिनेट काचेचं, लाइटवालं हवं. बाकीचं दुकानदारानं त्याच्या मनानं जोडून, विंडोज घालून, तयार मशीन खोक्यात भरून दिलं. खोक्यात आणखी काय काय असतं ते भाच्याला फारसं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे, असं मी त्याला भासवलं होतं.

पंधरा दिवस सुखात गेले, कारण परीक्षा होती. ती संपली आणि काळोख सुरू झाला.

दुकानात नेलं. पहिल्या खेपेला विंडोज नव्यानं घातलं, 300 रुपये. दुसऱ्या खेपेला पुन्हा विंडोज, पुन्हा 300. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "सर, मशीन ओके आहे. आपल्याकडची लाईटच तशी. यूपीएस लावून टाका." 2,800 रुपयांचा यूपीएस आला. मशीन तरी बंद पडायचंच. फरक एवढाच, की मशीन आडवं झालं तरी यूपीएस शेजारी शांतपणे हिरवा दिवा दाखवत उभा असायचा. खरं तर तिथंच कळायला हवं होतं. लाईट गेली असती तर त्यानं बोंब मारली असती. पण आम्ही आपलं लाईट, लाईट करत बसलो.

मग आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हे कॅलेंडर सांगतं, पण खानदेशात ती लेकीबाळींची. सासरी गेलेल्या मुलीनं आखाजीला माहेरी यायचं, झोक्यावर बसायचं, आमरस-पुरणपोळी खायची. आणि तिला न्यायला माहेरचा मुऱ्हाळी यायचा. आमचे वडील, नाना, सत्तरी ओलांडून गेले तरी मुऱ्हाळी म्हणून स्वतः येतात. मी जळगावातच नोकरीला आहे, बहिणीला धुळ्याला सोडून येणं मला काही अवघड नाही, हे त्यांना दर वर्षी सांगतो. दर वर्षी ते सकाळची एसटी धरतात आणि पारोळा, एरंडोल करत हातात पिशवी घेऊन दारात उभे राहतात.

नानांचं धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. चाळीस वर्षं. विहिरीवरच्या मोटरी यायच्या, 3 एचपी, 5 एचपी, साडेसात. जळालेली मोटर उघडली की नाना आधी वाकून वास घ्यायचे. मग कुठल्या कॉइली काळ्या पडल्या आणि कुठल्या कोऱ्या राहिल्या ते पाहून सांगायचे, एक फेज गेली होती, की बेअरिंग बसलं होतं, की शेतकऱ्यानं झेपणार नाही एवढ्या उंचीवर पाणी चढवायला लावलं होतं. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान बंद केलं. नाक शाबूत आहे.

दुपारचे चार. बाहेर ऊन मी म्हणत होतं, गच्चीवर बहिणीच्या बिबड्या तासाभरात खडखडीत वाळत होत्या. खोलीत कूलर होता, पण तो गरम हवाच ओली करून फेकत होता. भाच्यानं आजोबांना हौसेनं मशीन दाखवलं आणि जीटीए लावला. नाना खुर्चीत बसून पडद्यापेक्षा पंख्यांकडेच बघत होते. अकराव्या मिनिटाला काळोख झाला.

नाना उठले, मशीनच्या मागं गेले, वाकले आणि वास घेतला.

"हाई तापी राहिनं," नाना म्हणाले. घरात ते अहिराणी बोलतात, दुकानात मराठी.

"ग्राफिक कार्ड तापतंच, नाना," भाचा म्हणाला.

"कार्ड मी कधी हुंगलेलं नाही. वायर हुंगलेली आहे. उघड."

प्लग काढून बाजूची काच उतरवली. नानांनी हात मागं बांधून आधी नुसतं पाहिलं. पॉवर सप्लायमधून वायरींची एक जुडी निघाली होती. तिच्या टोकाला पूर्वी हार्डडिस्कला लागायचं तसलं चार पिनांचं तोंड. अशी दोन तोंडं एका जोडवायरीत घुसवून तिची आठ पिनांची खुंटी केलेली, आणि ती ग्राफिक कार्डात खोचलेली. नानांनी ती जोडवायर दोन बोटांत धरली आणि लगेच सोडली. मीही हात लावून पाहिला. नुकत्याच वापरलेल्या इस्त्रीच्या वायरीसारखी ऊन होती.

"बल्बची वायर," नाना म्हणाले, "आणि तिच्यावर विहिरीची मोटर."

मला हे नंतर कळलं, पण इथंच सांगून टाकतो. त्या कार्डाची भूक 170 वॅटची. ज्या खाचेत ते बसतं ती खाच त्याला फार तर 75 वॅट देऊ शकते. उरलेली वीज आठ पिनांच्या वेगळ्या वायरीनं थेट पॉवर सप्लायमधून यायची असते, आणि ती वायर 150 वॅटच्या हिशेबानं बनवलेली असते. बरा पॉवर सप्लाय असेल तर ही वायर त्याच्या पोटातूनच निघते. ज्याला ते तोंडच नाही आणि जोडवायर लावून ते उसनं आणावं लागतं, तो सप्लाय त्या कार्डासाठी बनवलेलाच नाही. हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही, काच काढायला एक स्क्रू ड्रायव्हर लागतो. पण आम्ही त्या काचेतून इतके दिवस फक्त लाइट बघितले होते.

"याची प्लेट कुठे?" नानांनी विचारलं.

"कसली प्लेट?"

"मोटरला प्लेट असते. एचपी, व्होल्ट, अँपिअर, फेरे. याला नाही?"

प्लेट होती, पण आतल्या अंगाला, पत्र्याकडे तोंड करून. चार स्क्रू काढून सप्लाय बाहेर घेतला. नानांनी तो तळहातावर तोलला, खाली-वर केला आणि बहिणीला हाक मारून स्वयंपाकघरातला काटा मागवला.

"कितलं वजन शे?"

"सातशे वीस ग्रॅम."

नाना काही बोलले नाहीत. जळालेल्या मोटरीतलं तांबं आयुष्यभर काट्यावर घातलेला माणूस, त्याला वजन म्हणजे अर्धा जबाब. पुढं नवा सप्लाय घरी आल्यावर भाच्यानं तोही त्याच काट्यावर ठेवून पाहिला. पावणेदोन किलो भरला.

लेबलवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 450 वॅट. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता. नानांनी चष्मा वर सरकवला, भाच्याला वाचायला लावलं आणि स्वतः वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं मांडत गेले. 3.3 व्होल्ट, 20 अँपिअर : 66 वॅट. 5 व्होल्ट, 25 अँपिअर : 125. 12 व्होल्ट, 16 अँपिअर : 192. आणखी दोन किरकोळ ओळी, 6 आणि 10. बेरीज आली 399.

"चारशेसुद्धा नाही!" भाचा ओरडला. "वर तर साडेचारशे लिहिलंय."

"ते सोड. सगळ्याच प्लेटा थोड्या फुगतात. तुझं मशीन खातं कुठल्या ओळीतून ते सांग."

हे मात्र भाच्याला ठाऊक होतं. कार्ड 12 व्होल्टवर. प्रोसेसर 12 व्होल्टवर. पंखे 12 व्होल्टवर. म्हणजे जवळजवळ सगळं जेवण एकाच ओळीतून, आणि त्या ओळीत 192 वॅट. कार्डाचे 170 वजा केले तर प्रोसेसरसाठी उरले 22. प्रोसेसर होता आय-5 12400एफ. त्याचा नेहमीचा आकडा 65 वॅट, आणि जोरात आला की 117 पर्यंत जातो. उरलेल्या सामानाचे तीस-चाळीस धरा. सगळं एकदम पेटलं तर सव्वातीनशेच्या आसपास.

पंगतीत भात घमेल्यानं वाढलाय, पण बसलेला माणूस भाकरी खाणारा, आणि भाकरी अर्धीच. वाढपी शपथेवर सांगतो की जेवण भरपूर आहे. खोटं बोलत नाही तो.

असा सप्लाय मुळात बनतो कशाला, हाही प्रश्न पडतो. त्याला इतिहास आहे. पेंटियम फोर यायच्या आधीची, म्हणजे साधारण 2000 सालापर्यंतची मशीनं 5 आणि 3.3 व्होल्टवर जगायची, म्हणून सप्लायची सगळी ताकद त्या बाजूला असायची. नंतर प्रोसेसर 12 व्होल्टवर आले, कार्डं आली, भूक सगळी तिकडं सरकली. चांगल्या सप्लायवाल्यांनी आतली मांडणी बदलली. स्वस्तातल्या काहींनी जुनी मांडणी ठेवून बाहेरचा आकडा तेवढा वाढवत नेला. 3060 बनवणारी कंपनी या कार्डासोबत 550 वॅटचा सप्लाय लावा असं स्वतःच सांगते. तीनशे-सव्वातीनशेची भूक असताना तिनं 550 का सांगावं? एक कारण हेच : लोकांच्या खोक्यातले वॅट कसले असतात ते तिलाही माहीत आहे.

दुसरं कारण नानांनी सांगितलं, तेही कार्डाचं नाव न घेता. "ट्रकचं इंजिन सोनगीरच्या सपाटीवर कळत नाही रे बापू. लळिंगच्या घाटात कळतं." भाच्याचा व्हॅलोरंट म्हणजे सपाटी. जीटीए म्हणजे घाट. आणि अलीकडची कार्डं घाटातही मध्येच उसळी मारतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढून पुन्हा खाली येतात. 2022 मध्ये एटीएक्स 3.0 हे नवं मानक आलं, त्यात मोठ्या सप्लायनं असा क्षणभराचा दुप्पट झटका सोसला पाहिजे अशी अटच घालावी लागली. वर आपला वैशाख. स्वस्त सप्लायचे आकडे 25 अंशांची गार खोली धरून छापलेले असतात. जळगावात मे महिन्यात 25 अंश फक्त फ्रिजमध्ये सापडतात.

नानांना तो डबा उघडून बघायचा होता. मी हात धरला, आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेला राहतो, झटका बसतो. नाना हसले. "मला सांगतोस? एकदा कपॅसिटरनं मला दुकानाबाहेर रस्त्यात नेऊन बसवलं होतं." पण उघडला नाही. पिशवीत घातला.

"दुकानदार काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"लाईट खराब, म्हणतो."

मला वाटलं आता नाना चिडतील. ते फक्त म्हणाले, "भुसावळला दीपनगरात पाचशे-पाचशे मेगावॅटचे संच चालतात, आणि तुमच्या घरात तीनशे वॅट पोचत नाहीत होय?" आणि मग बराच वेळ गप्प बसले. रात्री जेवतानाही गप्पच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही तिघं दुकानात. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, वाक्यं जुळवून. ग्राहक मंचाचा उल्लेख कुठल्या वाक्याला करायचा तेही ठरवलेलं. दुकानदार तिशीतला पोरगा. त्यानं सप्लाय पाहिला, लेबल पाहिलं, कडेवर हिशेब मांडलेला तो वर्तमानपत्राचा तुकडा वाचला. वाद घातला नाही. मोबाईल काढला आणि मलाच पाठवलेले दोन मेसेज वर सरकवून समोर धरले.

पहिलं कोटेशन, 74,500. त्यात पॉवर सप्लायची एक ओळ होती : एसएमपीएस 550 वॅट, 80 प्लस ब्रॉन्झ, 4,200 रुपये. खाली कॅबिनेटची वेगळी ओळ.

दुसरं कोटेशन, 71,500. त्यात ती ओळ नव्हती. कॅबिनेटच्या ओळीत, शेवटी, तीन शब्द जास्त होते : एसएमपीएस सोबत फ्री. आणि कॅबिनेट 1,200 नं महाग झालेलं, कारण आता त्याला चार पंखे होते.

"सर, तुम्ही म्हणालात कार्डाला हात लावायचा नाही. यानं सांगितलं लाइट कमी करायचे नाहीत. आणि तीन हजार कमी करा. मग मी हात कुठं लावायचा होता?"

मी काही बोललो नाही. जुळवलेली वाक्यं सगळी गेली. दोन्ही कोटेशनं महिनाभर माझ्याच फोनमध्ये होती. मी दोन्ही उघडली होती, आणि दोन्ही वेळा थेट शेवटची रक्कम वाचली होती.

"हे खरं," नाना दुकानदाराला म्हणाले. "पण हे झेपणार नाही, हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं थोडंफार."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर हे शेजारच्या दुकानात गेले असते, बाबा. तिथं यापेक्षा हलका घातला असता."

"आणि बंद पडल्यावर लाईट म्हणालास."

पोरगा खाली बघायला लागला. नाना स्टुलावर बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि मग आम्ही त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेली गोष्ट त्यांनी त्या अनोळखी दुकानात सांगितली.

"माझ्याकडं शिरपूरकडचा एक केळीवाला यायचा. पाच एचपीची मोटर. एकदा जळाली, भरायला आणली. मी भाव सांगितला. तो म्हणाला नाना, कमी करा, यंदा भाव पडलाय केळीला. मी कमी केला. पण मजुरी माझी, घरात खाणारी तोंडं सहा. मग कुठून कमी करणार? एक गेज बारीक तार भरली. तांबं कमी लागलं, माझा भाव निघाला. वरून वार्निश लावलं की आतलं काही दिसत नाही. फिरवून दाखवली, गुळगुळीत फिरली. प्लेट तीच होती, पाच एचपी. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं. पोरानं त्याला हातानंच थांबवलं.

"थंडीत चालली. वैशाख आला. व्होल्टेज पडायला लागलं. व्होल्टेज पडलं की मोटर काम सोडत नाही, ती अँपिअर जास्त ओढते. जाड तार असती तर सोसलं असतं. बारीक तार तापली आणि बसली. केळीला वैशाखात चार दिवस पाणी नाही म्हणजे घड पोसायचा राहतो. माणूस मोटर घेऊन एसटीनं आला, टपावर टाकून. मी उघडली, वास घेतला. मला लगेच कळलं काय जळालंय. आणि तो मलाच म्हणाला, नाना, तुमच्या हातची मोटर कशी जळेल, आमच्याकडची लाईटच वाईट."

नाना थांबले.

"मी हो म्हणालो. लाईटवर टाकलं की बरं असतं. लाईट भांडायला येत नाही."

"मग?" पोरानं विचारलं.

"मग काय. रात्रभर बसून बरोबर गेजची तार भरली, फक्त तांब्याचे पैसे घेतले. त्याला वाटलं मी उपकार केले. पुढच्या महिन्यात जो काही माल निघाला त्यातला एक घड आणून दिला मला. घरात पिकवला. ह्यानं खाल्ली ती केळी," माझ्याकडं बोट दाखवून, "शाळेत होता तेव्हा. मी नाही खाल्ली. तो माणूस आता नाही. त्याला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही."

मला ती केळी आठवत नाहीत. पण उन्हाळ्यातल्या एका रात्री दुकानातला दिवा पहाटेपर्यंत जळत होता आणि आईनं मला डबा घेऊन पाठवलं होतं, हे आठवतं.

पोरानं आतून एक खोकं आणलं. 550 वॅट, ब्रॉन्झ. नानांनी ते ब्रॉन्झ काय असतं विचारलं. वीज किती वाया जाते त्याचा दाखला, पोरानं सांगितलं, ताकदीचा नाही. नानांना हे उत्तर आवडलं असावं, कारण त्यांनी लगेच खोकं फिरवून तक्ता शोधला आणि भाच्याच्या हातात दिला. आठ पिनांची वायर आतूनच आलेली आहे का, तेही भाच्यानं स्वतः उघडून पाहिलं. होती.

"माझ्या खरेदीला द्या, 3,700," पोरगा म्हणाला. "आणि विंडोजचे सहाशे मी परत करतो."

मी तोंड उघडलं. सवयीनं. साडेतीन करा, एवढंच म्हणणार होतो. भाच्यानं माझ्या पायावर पाय दिला.

"यूपीएसचं काय?" मी विषय बदलून विचारलं.

"तो राहू द्या, खरंच लाईट गेली तर कामाला येईल. पण 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हे, सर. त्याच्यावर 360 पर्यंतच टाका. प्रिंटर लावू नका त्याला." हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच आपणहून सांगितलं, आणि सांगताना नानांकडं बघत होता.

जुना सप्लाय काउंटरवरच होता. नानांनी तो उचलून विचारलं, "याचं काय करणार?"

"बिलिंगच्या मशीनला लावतो. कार्ड नसलेल्या. तिथं आरामात चालतो, बाबा, खोटं नाही सांगत."

"चालेल की. तसं लिही मग त्याच्यावर."

पोरानं मार्कर घेतला. ठळक 450 च्या बरोबर खाली त्यानं लिहिलं : कार्डाला लावू नये.

दुपारी मशीन जोडलं. भाच्यानं जीटीए लावला, आम्ही चौघं पडद्यासमोर बसलो. अकरावं मिनिट गेलं. विसावं गेलं. नाना तेवढ्यात झोपले. तासाभरानं उठून मागं गेले, वाकले, वास घेतला आणि चहा मागितला.

संध्याकाळी दाजी आले. मशीन सुरू बघून खूश झाले आणि मला म्हणाले, "सापडलं का काय होतं ते? लाईटच ना?"

एक शब्द पुरला असता. बहीण उद्या आखाजीला निघणार, घरात आनंद, आणि नाना कूलरसमोर डोळे मिटून बसलेले. ऐकत होते की नाही, मला कळलं नाही.

"लाईट नव्हती," मी म्हणालो. "मी वाचवलेले तीन हजार होते."

दाजींना आधी ती थट्टा वाटली. मग मी दोन्ही कोटेशनं त्यांना दाखवली, ओळी दाखवल्या. त्यांनी पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिलं वाचलं. काही बोलले नाहीत. मग टेबलावरचं नवं बिल उचललं. पोरानं त्यात या वेळी वेगळी ओळ घातली होती, आणि तिच्यापुढं, कुणी न सांगता, पेनानं लिहिलं होतं : 12 व्होल्ट, 45 अँपिअर.

"हे पंचेचाळीस काय?" दाजींनी विचारलं.

"बारानं गुणा," भाचा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

दाजींनी मोबाईलवर गुणलं. 540 आले.